लोणारचा खार आणि परीटघडीचा सदरा



मंडळाच्या चालकांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायाचा काही इतिहास लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोच केला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, हयातभर प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन घोटवून घेतलेले मनुष्य; इतिहाससंशोधक नव्हे. शिवाय इतिहास म्हटला की मंडळींना एखादा पराक्रमी पूर्वज, एखादा ताम्रपट, निदान पुराणातील एखादी कथा हवी असते. तसले काही आमच्या संग्रही नाही. आमच्या संग्रही आहे ती कोळशाची एक जुनी इस्त्री, बिब्ब्याच्या खुणा असलेले मांजरपाटाचे एक फडके आणि लोणारसारख्या गावी गेलेले बालपण. एवढ्या भांडवलावर जे सांगता येईल ते येथे सांगतो.

आरंभ एका शब्दापासून करू. मराठीत ‘परीटघडी’ असा शब्द आहे. स्वच्छ धुतलेल्या, खळ दिलेल्या, कडक घडीच्या कपड्यास आपण परीटघडीचा कपडा म्हणतो, आणि असा कपडा घातलेल्या मनुष्याकडे लोक आदराने पाहतात. बारा बलुतेदारांच्या नावांवरून मराठीत म्हणी पुष्कळ झाल्या, परंतु त्यांतील बहुतेक टोमण्याच्याच आहेत. निखळ स्तुतीसाठी वापरला जाणारा शब्द आपल्या वाट्यास आला, ही गोष्ट लहान नव्हे. गंमत अशी की या शब्दात जी घडी आहे ती आपल्या धंद्यात पुष्कळ उशिरा आली. आपले पूर्वज शतकानुशतके कपडे धूत आले. कडक घडीची मागणी मात्र कॉलरचा सदरा गावात आला तेव्हापासूनची. त्या सदऱ्याने आपल्या घरांत काय पालट केला, हाच या लेखाचा विषय आहे. पण त्याआधी खाराकडे वळले पाहिजे, कारण लोणारच्या परटाचा इतिहास खारापासून सुरू होतो.

लोणारचे सरोवर आता जगाच्या नकाशावर आहे. काळ्या पाषाणाच्या पठारावर अशनी आदळून झालेला हा खळगा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटरांच्या आसपास खोल आहे. शाळेत आम्ही मुलांना लवणासुराची कथाही सांगत होतो आणि अशनीपाताचे शास्त्रही सांगत होतो. मुलांना दोन्ही आवडत. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तिसरीच. या सरोवराचे पाणी खारट तर आहेच, पण समुद्राच्या पाण्यासारखे केवळ मिठाने खारट नव्हे. त्यात सोड्याचा अंश मोठा आहे. ज्यास आज दुकानदार ‘धुण्याचा सोडा’ म्हणून विकतात तोच पदार्थ निसर्गाने येथे गावाच्या उशाशी आणून ठेवला होता.

ही गोष्ट जाणत्यांच्या नजरेतून कधीच सुटली नव्हती. अकबराचा मंत्री अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली, तीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकरच्या बाजूस असलेल्या लोणारचा निर्देश आहे. ब्राह्मण यास विष्णुगया म्हणतात असे सांगून तो लिहितो की, या जलाशयात काच व साबण तयार करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात आणि येथील क्षारांपासून सरकारास चांगला महसूल होतो. वाचकांनी साबण हा शब्द ध्यानात ठेवावा. दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर, अखंड वाहणारी धार, कमळजा देवी यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. लीळाचरित्रात लोणारचा उल्लेख येतो म्हणून महानुभाव मंडळीही येथे येतात. परंतु मोगल दरबारी या गावाची जी नोंद झाली तीत साबणाचे द्रव्य होते, आणि साबणाचे द्रव्य म्हणजे धुण्याचे द्रव्य. आपल्या पूर्वजांचे नाव त्यात नाही, परंतु त्यांचे साहित्य आहे.

पुढे १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी सरोवर पाहून गेला. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर तर अधिकाऱ्यांनी या क्षारांची नावेही टिपून घेतली: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ही नावे इंग्रजी गॅझेटियरमध्ये छापलेली पाहून आम्हास मोठे नवल वाटले होते, कारण त्यांतील पापडी आणि भुसकी ही नावे आम्ही आजीच्या तोंडून ऐकली होती. काठावर जो पातळ पापुद्रा धरतो ती पापडी, जो भुगा होतो ती भुसकी. रंग पक्का करण्यास, काचेच्या बांगड्यांस, पापडांस आणि धुण्यास यांचा उपयोग होई. चैत्र-वैशाखात ऊन तापले की पाणी मागे हटे आणि काठ पांढरा पडू लागे. आजोबांच्या वेळी घरातील माणसे त्या दिवसांत पहाटे उतरून पोत्यात खार भरून आणीत व पावसाळ्यापूर्वी रांजणात बंद करून ठेवीत. पाऊस पडला की तोच खार पुन्हा पाण्यात जाई. उतरण सोपी असे, पण भरलेले पोते पाठीवर घेऊन चढताना गुडघे बोलत, असे आजोबा म्हणत.

या खाराने मळ का जातो, याचे उत्तर आम्हास शिक्षक झाल्यावर शास्त्राच्या पुस्तकात सापडले. मनुष्याच्या अंगाचे तेल व घाम कापसाच्या धाग्यात मुरतात आणि त्यावर धूळ बसते. सदऱ्याची कॉलर व बाह्यांची टोके प्रथम काळी पडतात ती यामुळेच. कढत पाण्यात विरघळलेला खार त्या तेलकट द्रव्यास भिडला की त्यातील काही भागाचा तेथल्या तेथे साबणच होतो आणि मळ आपल्याच साबणाने सुटतो. दुसरे असे की आपल्याकडील काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यात नुसता साबण चोळला तर फेस येत नाही, उलट कपड्यावर चिकट साका बसतो आणि साबण वाया जातो. आधी खार घातला म्हणजे पाण्याचा जडपणा तळाशी बसतो व मग थोडक्या साबणात काम भागते. हे सर्व आमच्या आजोबांस ठाऊक होते. त्यांस त्याची इंग्रजी नावे ठाऊक नव्हती इतकेच.

कोणत्या कपड्यास खार चालत नाही, हे जाणणे तर अधिक कठीण. कापूस खारास दाद देतो, पण रेशीम आणि लोकर त्यात सडतात. पैठणीस किंवा घोंगडीस खार लावणारा परीट एकदाच चुकतो, कारण दुसऱ्यांदा त्यास कोणी कपडा देत नाही. म्हणून रेशमासाठी रिठे वेगळे भिजत. कच्च्या रंगाचे लुगडे पांढऱ्या धोतरापासून दूर ठेवावयाचे, बाळंतिणीचे व सुतकाचे कपडे निराळे, ही सर्व व्यवस्था त्या निरक्षर माणसाच्या डोक्यात असे.

धुण्याची रीत पुढीलप्रमाणे होती. कपडे खाराच्या पाण्यात बुडवून पिळावयाचे, मग भट्टी लावावयाची. म्हणजे खाली मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवून वर कपड्यांचा ढीग असा रचावयाचा की रात्रभर वाफ त्यातून फिरली पाहिजे. सर्वांत मळके कपडे वाफेजवळ, नाजूक कपडे वर. पहाटे बोचकी गाढवावर लादून वाहत्या पाण्यावर न्यावयाची, दगडावर आपटावयाची, गोड्या पाण्यात तीन-तीनदा खळबळावयाची, निळीतून काढून उन्हात टाकावयाची. खार जरासा जरी राहिला तरी कापड पिवळे पडते व अंगास खाज सुटते. म्हणून लोणारास खाऱ्या सरोवराइतकेच धारेच्या गोड्या पाण्याचेही मोल होते. एकाने मळ सोडवावा व दुसऱ्याने खार सोडवावा, असा हा योग एका गावात क्वचितच जुळतो. इजिप्तमध्ये नत्रूनच्या खोऱ्यात असाच खार मिळे व तेथील प्राचीन लोक त्याने कपडे धूत आणि मृतदेहही टिकवीत. आफ्रिकेतील केनियात मगदी नावाच्या सरोवरातून तो अद्याप निघतो.

आता कपडे परत ज्याचे त्यास कसे जात, हे सांगितले पाहिजे. बिब्बा आपल्या भागातील डोंगरांत होतो. त्याचे तेल कापडावर लावून वर चुना दिला की काळी खूण उठते आणि ती खाराने, साबणाने वा भट्टीने जात नाही. इंग्रज लोकांनी या फळाचे नावच खुणेचे फळ असे ठेवले. प्रत्येक घरास एक खूण: कोणाचे दोन ठिपके, कोणाची फुली, कोणाची आडवी रेघ व तिच्याखाली ठिपका. भावाभावांची वाटणी झाली की जुन्या खुणेस एक टिंब वाढे. पाटलाच्या वाड्याची खूण निराळी आणि त्याच्या चुलत्याची निराळी, पण दोन्ही पाहिल्यावर हे एकाच कुळातील हे जाणत्यास कळे. बिब्बा अंगावर उततो. आजोबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर त्याचे जुने डाग होते. आम्ही पुढे जन्मभर मुलांची बोटे धरून अक्षरे गिरविली. पण आमच्या घराण्यातील पहिले लेखन कोणते असे कोणी विचारल्यास ते बिब्ब्याचे होय, असेच आम्ही सांगतो.

एवढ्या कसबाचा मोबदला काय? बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली निघालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुत्याची सारी रीत आली आहे, जिज्ञासूंनी ती मुळातूनच वाचावी. बहुतेक ठिकाणी परीट मधल्या ओळीत बसे. सुगीस खळ्यावर जाऊन ज्वारीचा वाटा घ्यावयाचा, सणास वाढणे घ्यावयाचे, लग्नात पायघड्या घालून हक्क घ्यावयाचा आणि रोज संध्याकाळी घरोघर भाकर मागावयाची. वऱ्हाडात आपणास वरठी म्हणत. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातींविषयी जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही ते नाव नोंदलेले आहे. बलुते हक्काचे होते हे खरे, परंतु तो हक्क हात पसरूनच वसूल करावा लागे. सुगी बुडाली तर मागणाऱ्याची चूक, आणि सुगी आली तर देणाऱ्याची मेहेरबानी. आमचे वडील लहानपणी टोपली घेऊन भाकरी गोळा करावयास जात. कोणत्या घरी ताजी मिळे व कोणत्या घरी शिळी, हे त्यांस म्हातारपणापर्यंत क्रमवार पाठ होते. ते हसत हसत सांगत, पण आई तेथून उठून जात असे.

या जुन्या काळी इस्त्रीचे काम जवळजवळ नव्हतेच. धोतर, मुंडासे, बंडी, पैरण, लुगडे यांस चुणी पडली तरी कोणाचे काही बिघडत नसे. श्रीमंतांच्या अंगरख्यास कुंदी करीत, म्हणजे घडी घालून लाकडी मोगरीने ठोकून तकाकी आणीत. इस्त्री हा शब्दच मुळी परका. तो पोर्तुगीजांकडून आला असे सांगतात. मग गावात कॉलरचा सदरा आला. प्रथम तो शाळामास्तर, पोस्टमन, तलाठी, पोलीस यांच्या अंगावर दिसला. १९४८ साली एस.टी. सुरू झाली आणि पुढे आपल्या भागातही खाकी गणवेशाचे वाहक-चालक येऊ लागले. या सर्वांचे वैशिष्ट्य हे की त्यांस सदरा कामासाठी लागे. चुरगळलेल्या खाकीत पोलीस निघाला तर वरिष्ठ विचारणार, आणि चुरगळलेल्या सदऱ्यात मास्तर वर्गात आला तर मुले हसणार. दुसरे वैशिष्ट्य असे की यांच्यापैकी बहुतेकांस शेत नव्हते, खळे नव्हते, म्हणून बलुते देणे त्यांस शक्यच नव्हते. त्यांच्यापाशी होता तो महिन्याचा पगार. ते नगाला पैसे देत.

येथे आपल्या इतिहासाचा सांधा बदलला, असे आमचे मत आहे. खार, भट्टी, दगड यांनी आपणास शेकडो वर्षे पोसले, पण बलुत्यात बांधूनच पोसले. नोकरदाराच्या सदऱ्याने प्रथमच आपल्या हातावर ठरलेली रक्कम ठेवली. आमच्या वडिलांनी पन्नासाव्या वर्षाच्या आधीच भट्टी मोडली आणि वेशीजवळच्या रस्त्यावर एक मेज मांडले. आजोबांस ते मुळीच रुचले नाही. ज्याचे घर माहीत नाही त्याचा कपडा कसा घ्यावयाचा, असा त्यांचा प्रश्न होता. वडिलांचे म्हणणे असे की घर माहीत नाही हेच बरे.

सदऱ्याची इस्त्री म्हणजे काय ते ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बाभळीचा कोळसा चांगला पेटून राख धरू लागला की इस्त्रीत भरावयाचा. धुराचा कोळसा ठिणगी उडवितो आणि एक ठिणगी म्हणजे एक भोक. ओल्या फडक्यावर फिरवून धग पाहावयाची. खळीचा सदरा कोरडा असता कामा नये. पाणी शिंपडून गुंडाळून ठेवावा, ओल सर्वत्र सारखी पसरली पाहिजे. आधी कॉलर, आणि तीही टोकांकडून मध्याकडे, नाहीतर टोकास चुणी जमते. मग खांदा, मग मनगटपट्ट्या, बाह्या, पाठ, आणि शेवटी बटणांची बाजू. गुंड्यांवर इस्त्री चढू द्यावयाची नाही, त्यांच्यामधून तिचे टोक काढावयाचे. हे सारे पाच-सात किलो वजनाचे लोखंड उजव्या हातात धरून, उभ्याने, वैशाखातही पायाशी कोळसा ठेवून. वडिलांचा उजवा खांदा डाव्याहून खाली होता. डॉक्टरांनी एकदा कारण विचारले. वडिलांनी मेजाकडे बोट केले.

हे काम सोपे समजणाऱ्यांसाठी एक थोर उदाहरण आहे. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना परटाचा खर्च व खोळंबा टाळण्यासाठी पुस्तक वाचून धुणे शिकण्याचे ठरविले. पहिल्याच कॉलरीस खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी गरम नव्हती, जळेल या भीतीने ती पुरेशी दाबलीही नाही, आणि कोर्टात त्या कॉलरीवरून खळीचे कण गळू लागले. सोबतचे बॅरिस्टर हसले. ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नमूद केली आहे. पुढे १९१२ साली नामदार गोखले तिकडे गेले असता त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. ते चुरगळले होते आणि समारंभास जावयाचे होते. गांधींनी इस्त्री करून देण्याची तयारी दाखविली, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्या वकिलीवर विश्वास दाखविला, परंतु परीटकामावर दाखविला नाही! अखेर इस्त्री उत्तम झाली. रानडे, गोखले आणि गांधी या तिघांच्या मध्ये एक इस्त्री येते, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगत असू, आणि सांगताना आपल्या समाजाच्या मुलांकडे मुद्दाम पाहत असू.

लोणारचा खार मात्र यात मागे पडला. १८६१ साली बेल्जियममधील सॉल्व्हे याने मिठापासून स्वस्त सोडा करण्याची युक्ती काढली होती. आपल्या देशात १९३९ साली टाटांनी सौराष्ट्राच्या किनारी मिठापूर येथे कारखाना उभारण्यास आरंभ केला आणि पुढे पांढराशुभ्र, वजनात एकसारखा सोडा पोत्यांनी मिळू लागला. लवणावरून लोणार आणि मिठावरून मिठापूर; नावे पाहता सोडा मिठाच्याच गावाहून मिठाच्याच गावी आला म्हणावयाचा. पापडीत माती असे, शेवाळाचा वास असे, एका वर्षीचा खार तेज तर दुसऱ्या वर्षीचा मंद. दुकानच्या सोड्यात तसले काही नव्हते. १९५९ साली सर्फची भुकटी निघाली, ती श्रीमंत घरांत गेली. १९६९ साली अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी निरमा काढली, ती मात्र सर्वांच्या घरांत शिरली. जड पाण्यातही फेस देणारी ही भुकटी, आणि तिच्या जोडीस टेरिलीनचे कापड. ते न आपटता धुतले जाई व चटकन वाळे. गृहिणी घरीच बादलीत कपडे धुऊ लागल्या. घाट ओस पडले. आपल्या कित्येक घरांनी त्या दशकात गाव सोडले.

इस्त्री मात्र राहिली, हे ध्यानात घ्यावे. टेरिकॉटला चुणी पडत नाही असे दुकानदार सांगत. प्रत्यक्षात ती पडे, आणि एकदा बसली की घरच्या तांब्याने निघत नसे. (तांब्यात निखारे घालून घरोघर इस्त्री करीत, हे वृद्ध वाचकांस आठवत असेल.) नव्या कापडास धग कमी हवी, नाहीतर चकाकी येते किंवा कापड वितळते. वडिलांनी पहिला टेरिलीनचा सदरा जाळला तेव्हा त्याची भरपाई तीन हप्त्यांत केली आणि तो सदरा स्वतः पाच वर्षे, पाठीवर ठिगळ लावून, घातला. अशा रीतीने एका सदऱ्यामागे धुणे गेले व इस्त्री उरली, आणि तिच्यावर आम्ही तीन भावंडे शिकलो.

येथे आम्हास एक गोष्ट लिहावयाची आहे, जी आजवर आम्ही कोणास सांगितली नाही. वडील वारून पुष्कळ वर्षे झाली, म्हणून ती आता लिहितो. आम्ही नुकतेच मास्तर झालो होतो. वडिलांनी स्वतः इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून आम्ही शाळेत जात असू. एके दिवशी एका सहकारी शिक्षकाने शाळा सुटताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन सदरे आमच्या हाती दिले आणि म्हटले की, घरी चाललाच आहात तर एवढे घेऊन जा. बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. तो असता तर बरे झाले असते, आम्हास रागावता आले असते. आम्ही सदरे घेतले. वडिलांनी ते नेहमीच्याच काळजीने केले आणि सकाळी हाती देताना बजावले की पन्नास पैसे घेऊन ये. आम्ही म्हणालो, ते आमच्याबरोबरचे मास्तर आहेत, त्यांच्याकडे कसे मागावयाचे? वडील म्हणाले, “शाळेत ते मास्तर असतीन. माह्या मेजावर ते गिऱ्हाईक.”

आम्ही सदरे पोहोचविले. त्या गृहस्थांनी आभार मानले, पैशाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. संध्याकाळी आम्ही स्वतःच्या खिशातील पन्नास पैसे वडिलांच्या हातावर ठेवले. त्यांनी नाणे डबीत टाकले आणि म्हणाले, “पाय, देतेत की नाई?” त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान आम्हास आजही दिसते. पुढे वर्षभर असे होत राहिले. सदरे येत, आणि आम्ही आमच्याच पगारातून पैसे देत राहिलो. ज्या मनुष्याने भाकरीची टोपली टाकून देण्यासाठी आपल्या बापाशी वैर घेतले, त्याच्या मेजावर त्याच्या शिकलेल्या मुलाने लाजेपोटी पुन्हा बलुतेच आणून ठेवले, एवढेच की त्यास ते कळू दिले नाही. त्या सहकाऱ्यास आम्ही दोष देत नाही. मागितले असते तर त्यांनी बहुधा दिलेही असते.

असो. विषय लोणारचा आहे, तिकडे परत जाऊ. सरोवराचा परिसर २००० साली अभयारण्य झाला आणि तेथून खार उचलण्याचा प्रश्नच उरला नाही. २०२० सालच्या जूनमध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोकांनी नाना तर्क केले, तज्ज्ञांनी तो खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवांचा परिणाम असल्याचे सांगितले. त्याच वर्षी रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत लोणारची गणना झाली. अभ्यासकांनी या सरोवरास बाधक म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत गावाच्या सांडपाण्याबरोबर धारेवरील साबण-भुकटीचे स्नान व धुणेही येते. हे वाचून आम्ही अस्वस्थ झालो. पूर्वीचा परीट सरोवरातील खार घेई आणि धुण्याच्या पाण्यातून त्याचा काही अंश सरोवरासच परत जाई. भुकटी मात्र सरोवराची नव्हे. तिच्यातील द्रव्यांनी शेवाळ माजते व पाण्याचा स्वभाव पालटतो. यात दोष केवळ आपल्या समाजाचा नाही, कारण भुकटी आता सर्वच जातींच्या हातात आहे. तरीसुद्धा वाहत्या पाण्यावर धुण्याचे ज्यांचे पिढीजात काम, त्यांनी हे प्रथम समजून घ्यावे, असे आम्हास वाटते. गाडगेबाबा आपल्यातलेच. १८७६ साली शेणगावी जन्मलेल्या या डेबूजीने कपड्यांचा मळ सोडून गावांचा मळ काढण्यास हाती खराटा घेतला. २००५ पासून अमरावती विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि आपला बुलढाणा जिल्हा त्याच विद्यापीठात येतो. आमच्या नातीच्या पदवीपत्रावर एका परटाचे नाव छापून आले आहे. ते आम्ही तिच्या पणजोबांच्या इस्त्रीच्या वर, भिंतीवर लावले आहे.

शेवटी एक विनंती. आरंभी ज्या मांजरपाटाच्या फडक्याचा उल्लेख केला ते आजोबांचे खुणांचे फडके होय. त्यावर चौतीस खुणा आहेत. कोणती खूण कोणत्या घराची, हे आम्ही आजीकडून विचारून घेतले असते तर आज सर्व सांगता आले असते; आम्ही फक्त अकरा ओळखतो. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, चिखली या बाजूच्या ज्या कुटुंबांत अशी फडकी, वह्या किंवा बिब्ब्याच्या खुणांचे जुने कपडे असतील, त्यांनी खुणांची नक्कल काढून, ज्या घराची ती खूण असेल त्याच्या उल्लेखासह, मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावी. मूळ कपडा पाठवू नये, तो घरीच ठेवावा. आणि घरात नव्वदीच्या पुढची आजी असेल तर नक्कल काढण्याचे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.